दिवटे पाटीवाले, विद्यापीठाच्या अलीकडे

माझं शिक्षण चौथी, आणि माझ्या आडनावाचं विद्यापीठ आहे. पहिल्या गोष्टीला मी जबाबदार. दुसऱ्या गोष्टीत माझा काही हात नाही, असं मी लोकांना कधीपासून सांगतोय. कोणी ऐकत नाही.

मी सदाशिव दिवटे. बोरिवली पूर्वेला, विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका अरुंद गाळ्यात मी पितळेच्या पाट्या खोदायचो. दारावरच्या, दवाखान्याच्या, वकिलांच्या, देवळातल्या देणगीदारांच्या. गाळा बंद केला त्याला आता दोन वर्षं होतील. बायको गेली आणि मी शटर ओढलं. आमची चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहिलाय, त्यात सहाव्या मजल्यावर मी एकटा राहतो. सोसायटीने नियम काढला की दिवाळीच्या आत प्रत्येक दाराला सारखी पाटी लागली पाहिजे. पाट्या कोण करणार? दिवटे. केल्या. सगळ्यांच्या आडनावाच्या केल्या, एक सोडून. माझ्या दाराला परवापरवापर्यंत नुसती चार भोकं होती, पाटी नव्हती.

सेक्रेटरी मेहताभाई लिफ्टमध्ये भेटले की सुरू व्हायचे. "दिवटेभाऊ, सगळ्याची पाटी केली, तुमचीच नाय? लोक हसते हां."

मी म्हणायचो, "हसू दे. हसायला पाटी लागत नाही."

पण खरं कारण मी त्यांना सांगितलेलं नाही. ते इथं सांगतो. त्यासाठी आधी धंदा समजून घ्यावा लागेल.

पितळेची पाटी खोदायची म्हणजे आधी कागदावर अक्षरं काढायची. ती पत्र्यावर उतरवायची. मग बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन टुकटुक करत बसायचं. आधी वरची रेघ मारायची, मग दोरीवर कपडे वाळत घालतात तशी अक्षरं खाली सोडायची. खोदून झालं की खाचांत काळा रंग भरायचा, वरचा रंग पुसायचा, आणि चिंचेने पाटी घासायची. चिंचेइतकं पितळ दुसऱ्या कशाने उजळत नाही. आता मशीन आलं, बटण दाबलं की अक्षरं कापून बाहेर. चांगलं आहे. पण मशीनला कोणाच्या आडनावाचं काही पडलेलं नसतं.

या कामात एक गोष्ट ध्यानात ठेवायची: पितळेला खोडरबर नसतं. चुकला तर पत्रा गेला.

आणि मी वाचण्यात कच्चा. मला अक्षर दिसतं, शब्द दिसत नाही. वेलांटीचा बाक कसा असावा हे मी झोपेत सांगेन, पण लिहिलंय काय ते मला सावकाश लागतं. म्हणून लग्न झाल्यापासून आमच्यात एक पद्धत पडली. मी कागदावर नाव काढायचं. शेवंतीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं. गिऱ्हाईक समोर असेल तर त्याला विचारायचं, "बरोबर?" आणि मग मला म्हणायचं, "ओ दिवटे, खोदा."

ती खोदा म्हणाली नाही तर मी छिन्नीला हात लावत नसे. ती मालवणकडची, सातवी शिकलेली. एकदा मी तिला म्हटलं, मालक मी आणि परवानगी तुझी, हे काय? तर म्हणाली, "माका वाचूक येता, तुमका खोदूक येता. झाला. आता माका काम करूक देया."

मला ती कायम "ओ दिवटे" म्हणायची. चारचौघांत बायका "अहो" म्हणतात. हिचं आपलं पोलीस चौकीत हाक मारल्यासारखं. आधी राग यायचा. आता ती हाक कानात येत नाही म्हणून घर मोठं वाटतं.

आता आडनावाचं सांगतो.

दिवटी म्हणजे लहान मशाल. आमच्या गावी खंडोबाच्या पालखीपुढं दिवटी धरून चालायचा मान आमच्या घराकडे, म्हणून आम्ही दिवटे. शेजारून दुसरा माणूस बुधली घेऊन चालायचा. बुधली म्हणजे चोचीचं तेलाचं भांडं. आमच्या गावचा नियम असा की दिवटीवाल्याने स्वतः तेल घालायचं नाही. त्याची नजर पुढं वाटेवर पाहिजे. तेल कमी झालं की बुधलीवाला ओततो. आजोबा सांगायचे, पालखीत लोकांना दिवटी दिसते, बुधली कोणाला दिसत नाही. पण तेल संपलं की दिवटीवाला नुसता काठी धरलेला माणूस.

दुसरा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगं वाया गेलं की बाप म्हणतो, काय दिवटा निघाला! शाळेत मास्तर मला दोन्ही अर्थांनी हाक मारायचे. म्हणून मी चौथीतच त्यांची सुटका केली.

आम्हाला मूल झालं नाही. नातेवाईक लग्नाकार्यात बसले की कोणीतरी म्हणायचंच, आडनाव दिवटे आणि वंशाला दिवा नाही. एकदा माझी आत्या हे शेवंतीच्या तोंडावर बोलली. शेवंती वाढत होती. हातातला भाताचा डाव न थांबवता म्हणाली, "आत्यानु, दिवे इतके आसत की विजेचा बिल भरून दमलंय. भात वाढू?" आत्या पुढं जन्मात बोलली नाही.

धंद्यात मी नमुन्याच्या पाट्यांवर माझंच आडनाव, आणि पुढं पाटीवाले, असं खोदायचो. दुसऱ्याचं खोदलं तर कोण कधी येऊन भांडेल सांगता येत नाही. त्यामुळे गाळ्यात भिंतभर दिवटे लटकलेले. जाड दिवटे, बारीक दिवटे, गोलाईत दिवटे. वर बोर्ड, "दिवटे पाटीवाले".

आडनाव म्हणजे काय, ते मी गिऱ्हाइकांकडून शिकलो. एकदा गोराईहून बोटीने खाडी ओलांडून एक म्हातारा आला. पेद्रू अंकल. दाराला पाटी हवी.

मी म्हटलं, "आडनाव सांगा."

"आडनाव नको. आमच्या गल्लीत सगळे एकाच आडनावाचे. पोस्टमन पत्र कुठंपण टाकतो. माझ्या सुनेचं पत्र चुलतभावाने फोडून वाचलं, वर मलाच सांगायला आला काय लिहिलंय ते."

"मग काय खोदू?"

"बोंबीलवाला पेद्रू. सगळे मला तेच बोलतात."

मी हसू दाबलं. शेवंतीचा चेहरा मात्र कोर्टातल्या कारकुनासारखा. बोट ठेवून वाचलं, "बों-बी-ल-वा-ला पे-द्रू. बरोबर?"

"हा, बरोबर."

"ओ दिवटे, खोदा."

पंधरा दिवसांनी अंकल वर्तमानपत्रात सुके बोंबील बांधून आले. पत्रं घरी यायला लागली होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो चुलतभाऊ आला. त्याला पाटी पाहिजे होती, "खरा बोंबीलवाला". मी खोदायला तयार होतो. शेवंतीने खोदा म्हटलं नाही. "घरात जावन भांडा," म्हणाली, "पितळेवर नको."

सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. एक सांगतो, त्यात मी चुकलो.

एक नर्सबाई आली. सुरेखा कांबळे. आईबाप देवनारला, तिने नोकरीवर बोरिवलीला स्वतःचं घर घेतलेलं. पाटीचा कागद सोबत आणला होता, त्यावर पूर्ण नाव. मला तिची बिल्डिंग माहीत होती, तिथले लोकही माहीत होते. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, नुसतं सुरेखा लिहू का? आडनाव कशाला? उगाच कोणाला..."

शेवंतीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

ती बाई चिडली नाही. भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, भाड्याच्या घरात होते तेव्हा मालकाने मला पाटी लावू दिली नाही. तीन वर्षं माझ्या दारावर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. आता घर माझंय. आणि एक सांगा, तुमच्या या भिंतीवर पंचवीस ठिकाणी तुमचं आडनाव आहे. तुम्हाला कोणी विचारलं का, कशाला म्हणून?"

मी तिचा कागद जवळ ओढला. मी म्हटलं, "केवढं काढू?"

"पत्र्यावर बसेल तेवढं."

मी कांबळे एवढं मोठं काढलं की जिन्याखालून वाचता यावं. शेवंतीने वाचलं. मला खोदा म्हणण्याआधी त्या बाईला म्हणाली, "ह्यांचा मनावर घेऊ नको गो. चौथी शिकलेला माणूस." पाटी लावायला मी स्वतः गेलो. स्क्रू पिळताना समोरचं दार किलकिलं झालं आणि बंद झालं. नर्सबाईने मला चहा दिला. मी दोन कप प्यालो, मुद्दाम, दार उघडं ठेवून.

मग विद्यापीठ आलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला कोणी दादासाहेब दिवटे म्हणून होते, त्यांनी कॉलेज काढलेलं. त्याचं वाढून वाढून विद्यापीठ झालं. त्यांचा आमचा काही संबंध नाही. पण बोरिवली स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला "दिवटे" म्हटलं की तो आमच्या गाळ्यासमोर सोडायचा, कारण गाळा जुना आणि विद्यापीठाच्या अलीकडे. जून महिना आला की आमच्याकडे आईबापांची रांग. हातात फाइल, काखेत पोराची मार्कशीट.

"साहेब, दोन टक्क्यांसाठी अडलंय बघा."

मी सांगायचो, "मी पाटीवाला आहे." तर डोळा मारून म्हणायचे, "हो हो, समजलं. इथं बोलायचं नाही ना?"

मी वैतागायचो. शेवंतीला मजा यायची. ती त्यांना स्टुलावर बसवायची, पाणी द्यायची, आणि सांगायची, "विद्यापीठ आमचंच. कुलगुरू मी. हे शिपाई." लोक हसले की हाताने रस्ता दाखवायची, सरळ जा, डावीकडे मोठं गेट. एका बापाला तर खरंच वाटलं. त्याने वाकून तिच्या पाया पडायला घेतलं. ती म्हणाली, "अहो, पास होऊ दे आधी."

एक दिवस विद्यापीठातून प्रधानसाहेब आले. तिथले कारभारी. टाय वगैरे. त्यांनी भिंत बघितली.

"तुम्ही आमचं नाव वापरताय."

शेवंती चिंचेने पाटी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेब, ह्यांच्या आजोबांच्या वेळेला तुमचं विद्यापीठ होतं काय?"

प्रधानसाहेबांनी पुन्हा भिंत बघितली. मग म्हणाले, त्यांना नव्या इमारतीच्या पाट्या करून हव्यात. प्रत्येक खोलीच्या. मला वाटतं ते भांडायला आले होते आणि काम देऊन गेले. शेवंतीसमोर पुष्कळांचं तसं व्हायचं.

सगळ्या खोल्यांच्या पाट्या पद्धतीने झाल्या. ती वाचायची, मी खोदायचो. राहिली उद्घाटनाची मोठी पाटी. तेवढ्यात शेवंतीला भाचीच्या लग्नाला गावी जावं लागलं. जाताना बजावून गेली, "मोठी पाटी मी इल्याशिवाय खोदू नका." मी हो म्हटलं. पण प्रधानसाहेब रोज दोनदा यायचे. म्हणायचे, "दिवटे, पाहुणे ठरलेत, पाटी नाही." चौथ्या दिवशी मी विचार केला, इतकी वर्षं खोदतोय, आपल्याच आडनावाला परवानगी कशाला? खोदली. सुरेख झाली. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी मी ती भिंतीवर बसवली, वर पडदा लावला, घरी येऊन ढाराढूर झोपलो.

सकाळी शेवंती गाडीतून उतरली ती हातातल्या पिशवीसकट थेट कार्यक्रमालाच आली. पाहुणे यायला दीड तास होता. मला म्हणाली, "मी वाचलंय खंय?" आणि पडदा वर करून तिने बोट ठेवलं.

"दि-व-टे..." आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. परत बोट ठेवलं. "दिवटे पाटीवाले. नूतन इमारतीचे उद्घाटन..."

इतकी वर्षं दिवटे या अक्षरांपुढं हाताने पाटीवालेच खोदलं होतं. या वेळी कागदाकडे न बघता हाताने आपलं नेहमीचं काम केलं. आणि मला काय, अक्षरं छान दिसत होती!

प्रधानसाहेब पळत आले. वाचलं. टाय सैल केला. "दिवटे, माझी नोकरी गेली."

शेवंती म्हणाली, "नोकरी मगे जायत. आधी स्क्रू काढा."

पाटी उतरवली. दोन खुर्च्यांवर पालथी टाकली. मागची बाजू कोरी होती. खोदायला वेळ नव्हता, पण मी मूळचा बोर्ड रंगवणारा. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बसलो. शेवंती कागद हातात धरून एकेक अक्षर सांगत होती. मी तिच्या तोंडाकडे बघून रंगवत होतो.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, वर कोट. प्रधानसाहेब ताठ झाले, त्यावरून मला कळलं दादासाहेब ते हेच.

"काय चाललंय?"

प्रधानसाहेबांनी टाय पुन्हा आवळला. शेवंतीने सरळ सांगून टाकलं. दादासाहेबांनी वाकून पाटीच्या खालून बघितलं. आणि असे हसले की काठी पडली.

"म्हणजे मी आज तुमच्या दुकानाचं उद्घाटन करणार होतो?"

"तसं बरं झालं असतं," शेवंती म्हणाली. "आमचं उद्घाटन राहूनच गेलं होतं."

ते खुर्ची ओढून बसले. माझं गाव विचारलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "दिवटे म्हणजे नेमकं काय हो? माझे वडील मी लहान असताना गेले. कोणी सांगणारं राहिलं नाही. लोक चिडवायचे तेवढाच अर्थ मला माहीत."

एवढा मोठा माणूस, आणि लोकांनी त्यालाही दिवटाच म्हटलेलं. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. रंगवता रंगवता मी त्यांना सगळं सांगितलं. खंडोबा, पालखी, दिवटी आणि बुधली.

पाटी वेळेवर चढली. पडदा सरकला. टाळ्या. मुख्य पाहुण्यांना फोटोसाठी अक्षरावर बोट ठेवायला कोणी सांगितलं देव जाणे. बोट काळं झालं. दिवसभर ते मतदान करून आल्यासारखे फिरत होते.

भाषणात दादासाहेब म्हणाले, "दिवटे म्हणजे पुढं उजेड धरून चालणारा. हे विद्यापीठ ज्ञानाची दिवटी आहे." मांडव दणाणला. मी छाती काढून बसलो. शेवंतीने मला कोपर मारलं.

"आणि बुधली खंय गेली?"

"विसरले असतील."

"विसरतातच," ती म्हणाली, आणि पिशवीतून लग्नाचे लाडू काढून मला दिले.

पुढं विद्यापीठाच्या पुस्तकात पहिल्या पानावर तो अर्थ छापून आला. तो माझा आहे. माझं नाव नाही, चालेल. बुधलीचं एक अक्षर नाही. महिनाभराने मी त्यांना नवी पाटी खोदून दिली, शेवंतीने वाचलेली. ती अजून तिथं आहे. जुनी दोन्ही बाजूंनी भरलेली पाटी परत आली आणि घरी खाटेखाली पडून राहिली.

आता मला जे बोचतं ते सांगतो. दादासाहेब एका भाषणात बुधली विसरले. मी जन्मभर विसरलो. गाळ्याच्या बोर्डावर दिवटे पाटीवाले. चाळीच्या दारावर स. दिवटे. अख्ख्या बोरिवलीतल्या बायकांची नावं मी नवऱ्यांच्या नावांशेजारी खोदली. काही ठिकाणी नवरा कुरकुरला तर समजूतही घातली. शेवंती अधूनमधून म्हणायची, "ओ दिवटे, माझा नाव कधी?" मी म्हणायचो, हे काम उरकू दे. ती म्हणायची, "बरा. घरचा गिऱ्हाईक, रांगेत उभा."

रांगेत उभीच राहिली. दोन वर्षांपूर्वी सकाळी चिंच भिजत घातली आणि दुपारी गेली. दवाखान्यात न्यायलाही वेळ दिला नाही. वाटीतली चिंच मी चार दिवस तशीच ठेवली होती.

सोसायटीचा नियम आला तेव्हा मी कागद घेतला. वर शेवंती सदाशिव दिवटे, खाली सदाशिव दिवटे. चांगली अक्षरं काढली, माझ्या हातून निघालेली सगळ्यात चांगली. आणि थांबलो. वाचणार कोण? खोदा कोण म्हणणार? एकदा परवानगीशिवाय खोदलं त्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. आणि हे तर तिचं नाव. यात चूक झाली तर मला तोंड दाखवायला जागा नाही. कागद टेबलावर पेपरवेटखाली पडून राहिला. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. मेहताभाई लिफ्टमध्ये हसत राहिले.

दसऱ्यानंतर एका सकाळी बेल वाजली. दारात एक बाई. हिरवं लुगडं, काखेत पिशवी, घामाघूम.

"बाबा, दिवटे विद्यापीठ हेच का? वॉचमननं सांगितलं, दिवटे सहाव्या मजल्यावर ऱ्हातात."

आमचा वॉचमन नवीन. मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी. तिला आत बसवलं, पाणी दिलं. जालन्याकडची होती. पोरीला इथं प्रवेश मिळालेला, ती होस्टेलला राहते म्हणून आई दिवाळीचं खायला घेऊन आलेली. पिशवीतून तळणाचा वास येत होता.

पाणी पिता पिता तिचं लक्ष टेबलावर गेलं. कागद जवळ ओढला. म्हणाली, "मला जादा वाचता येत न्हाई, पण पोरीबरोबर बसून बसून शिकले." आणि तिने कागदावर बोट ठेवलं.

"शे-वं-ती. स-दा-शि-व. दि-व-टे."

मी उठून खिडकीपाशी गेलो.

"कोण ह्या?"

"बायको."

"घरात न्हाईत?"

"नाही."

तिला कळलं असावं. मग परत बोट फिरवलं. "नाव लई झ्याक हाय. पाटी करायलाव का दाराला? बाहेर नुसतीच भोकं दिसली मला."

"खोदायची आहे."

"मग खोदा की, बाबा! कुणाची वाट बघायलाव?"

मी तिला विद्यापीठाच्या गेटपर्यंत स्वतः पोचवून आलो. तिने बळेच चार चकल्या हातात दिल्या. घरी येऊन खाटेखालची जुनी पाटी ओढली. रंगवलेली बाजू घासून कोरी केली, दारापुरता तुकडा कापला, आणि बसलो. टुकटुक ऐकून शेजारचे बघायला आले. वय झालं, पण अक्षर हलू दिलं नाही. शेवटी चिंचेने घासली.

वर शेवंती सदाशिव दिवटे. खाली बारीक अक्षरांत मी. मागच्या बाजूला "पाटीवाले" तसंच आहे, घराकडे तोंड करून.

मेहताभाई आले. चष्मा वर केला. "दिवटेभाऊ, नियम एक आडनावाचा हाय. यात दोन नाव?"

म्हटलं, "मेहताभाई, नियम कागदावर आहे, तो खोडता येतो. पितळेला खोडरबर नसतं."

त्यांनी पाटी पुन्हा वाचली. गेले. संध्याकाळी त्यांच्या मिसेस आल्या, हळूच विचारायला, की त्यांच्या दाराची पाटी बदलून मिळेल का. त्यांचं नाव मी कागदावर काढलंय. उद्या वाचायला येते म्हणाल्यात. खोदा त्यांनीच म्हणायचं, असं ठरलंय.

काल परत बेल वाजली. एक गृहस्थ, हातात फाइल. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं.

"दिवटे विद्यापीठ इथंच का?"

"इथंच," मी म्हटलं. "कुलगुरू बाहेर गेल्यात. मी शिपाई. या, पाणी घ्या, रस्ता दाखवतो."